चपलांच्या मांडणीशेजारची खुर्ची

आमच्या तुळसाबाईचा राग खारवलेल्या माशासारखा आहे, नासत नाही. तिच्या-माझ्या लग्नात माझ्या मावसभावानं पंगतीत तिच्या पानात पापलेटाचं नुसतं शेपूट वाढलं होतं. तेव्हा तिनं ते काट्यासकट चावून खाल्लं. एकोणतीस वर्षांनी त्याच मावसभावाच्या नातवाच्या वाढदिवसाला तिनं वाढायला घेतलं आणि नेमकं त्याच्या पानात शेपूट टाकलं. लोक म्हणतात, ते दुसरं शेपूट होतं. मी त्या घरात राहतो. ते तेच होतं.

म्हणून शांती नगरच्या एल. डी. सरांनी तिला दुखावलं तेव्हा मला आधी सरांचीच कीव आली. पुढं ती उतरली, ते सांगतोच.

आम्ही भाईंदर पश्चिमेच्या पलीकडचे, समुद्राकाठचे. आमच्याकडं बोंबील वाळवतात. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या, त्याला वलांडी म्हणतात. दोन ओले बोंबील घ्यायचे, मनगटाला एक झटका देऊन पाणी उडवायचं, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. वाऱ्यानं सुटत नाहीत. आमच्यातली पोरं चालायच्या आधी हे शिकतात. मी तर जन्मलो तेव्हा सुइणीची दोन बोटं एकमेकांत अडकवली होती, असं माझी आई सांगायची.

तुळसाबाई हे सुके बोंबील पिशव्यांत भरून शांती नगरच्या सेक्टरांत विकते. पूर्वी लोक विचारायचे, "मावशी, ताजे आहेत का?" आता दार उघडलं की प्रश्न येतात, "आंटी, ये अनसॉल्टेड है क्या? प्रिझर्वेटिव्ह तो नहीं डाला? सन-ड्राइड है या डिहायड्रेटेड?"

ती म्हणायची, "बोंबील हाय, बाई." आणि दार बंद व्हायचं.

एका संध्याकाळी टोपली ठेवून ती म्हणाली, "आवो, या इंग्लिश शब्दांना मासळीवानी डोकी आन् शेपट्या हायेत. मधी कायतरी गर हाय. पन सुरी कुठं लावायची तेच कळत न्हाय."

आठवड्यानं कुणीतरी तिच्या हातात एक कागद कोंबला. त्यावर लिहिलं होतं: 'शब्द पाठ करू नका, शब्द तोडायला शिका! प्रिफिक्स, रूट, सफिक्स. पुण्याचे सुप्रसिद्ध एल. डी. सर यांची हूक मेथड. महिलांसाठी दुपारची बॅच.'

"तोडायला?" तुळसाबाई म्हणाली. "ते तं मना येतंच."

चौसष्टाव्या वर्षी तिनं नाव घातलं.

पहिल्या दिवशी टोपली विकून ती सरळ क्लासात गेली आणि पहिल्या ओळीत बसली. वीसेक बायका होत्या. एल. डी. सर आले. अठ्ठेचाळीस वर्षांचं वय, तुकतुकीत टक्कल, निळा टाय. दारातून आत पाऊल टाकताच त्यांचं नाक हललं. ते पहिल्या ओळीशी आले, खिशातला रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "आजी, तुम्ही दाराबाहेर बसा. तिथं हवा खेळती असते."

त्यांनी शिपायाकरवी लाल प्लॅस्टिकची खुर्ची दाराबाहेर ठेवली. चपलांच्या मांडणीला चिकटून. मग सुगंधी फवाऱ्याचा डबा आणून पहिल्या ओळीत चारदा फुसफुसवला आणि फळ्याकडं वळून शिकवायला लागले. "आजचा प्रिफिक्स, अन. उदाहरणं घ्या. अनक्लीन. अनफिट. अनवॉण्टेड." तिसऱ्या शब्दाला त्यांनी दाराकडं बोट केलं. बायका हसल्या. सगळ्या नाही. हिना नावाची एक मुलगी, सेक्टर आठमध्ये राहणारी, ती वहीत डोकं घालून बसली.

आणि आमची बाई? ती घरी आली ती फुलून. "आवो, सर लय चांगले हायेत. सगळ्यांसमोर बोट दाखवून बोलले. अन-अन करून क्लीन बोलले, फिट बोलले, वॉण्टेड बोलले."

"वॉण्टेड म्हणजे पोलिसांचं न्हाय का?" मी म्हणालो.

"तुमाला काय कळतं? वॉण्टेड म्हंजी हवी असलेली."

"आणि त्यापुढं ते अन-अन काय होतं?"

"ते डोकं. डोकं कोण खातं?"

सरांनीच सांगितलं होतं की प्रिफिक्स म्हणजे शब्दाचं डोकं, रूट म्हणजे धड, सफिक्स म्हणजे शेपूट. आता बोंबील साफ करताना डोकं आणि शेपूट कापून टाकतात, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत. तिनं आठ दिवस तसाच अभ्यास केला. प्रत्येक शब्दाचं पुढचं-मागचं तोडून मांजरीला घातलं आणि नुसतं धड वहीत उतरवलं. मांजर त्या आठवड्यात बरंच सुशिक्षित दिसायला लागलं. आणि मला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या आठ दिवसांत तुळसाबाईनं सरांसाठी हातानं निवडलेल्या बोंबलांची एक पिशवी नेली. सरांनी ती दोन बोटांत धरली. "वॉचमनला देतो," म्हणाले.

नवव्या दिवशी हिना खाली जिन्यात तिच्याजवळ आली. "आंटी, आप सिर्फ आधा शब्द लिखती हो. आगे का भी लिखो ना. उसी से तो मीनिंग पलटता है."

"पलटतं?"

"हाँ. अन लगाया तो उल्टा."

तुळसाबाई जिन्यातच थांबली. तिनं एकेक धड काढलं आणि त्याला त्याचं टाकून दिलेलं डोकं परत लावलं. क्लीन. फिट. वॉण्टेड. हिना म्हणते, आंटीनं तिसऱ्या शब्दाला कठडा असा धरला की त्याचा रंग तिच्या तळव्याला लागला. मी म्हणतो, कठडाच वाकला. आजही वाकलेला आहे.

घरी आली. चूल पेटवली नाही, पंखा लावला नाही. मधोमध बसली आणि म्हणाली, "त्याच्या हातानं माझी खुर्ची चपलांपासून उचलून पयल्या ओळीत न्हाय गेली, सगळ्या लोकांसमोर न्हाय गेली, तं मी बोंबील तोंडाला लावनार न्हाय. आन् या घरात ते रांधनार पन न्हाय."

पहिला भाग तिचा होता. दुसरा भाग माझ्या डोक्यावर पडला. दुसऱ्या दिवसापासून दुधी सुरू झाला. दुधी, मग गवार, मग पुन्हा दुधी. दारासमोर चार वलांड्या भरून बोंबील लोंबताहेत आणि मी ताटात दुधी घेऊन त्यांच्याकडं बघतोय. अशा माणसाच्या मनात एल. डी. सरांबद्दल काय येत असेल, ते तुम्हीच ठरवा.

मी म्हणालो, "क्लास सोड."

"सोडू? त्याची सुरी त्याच्याकडंच ठेवून येऊ?"

ती रोज गेली. रोज चपलांपाशी बसली. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्या मांडीशेजारी वाकून चप्पल काढायची. घरी ती पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करायची आणि बोंबलांच्या मध्ये वलांडीवर टांगायची. एका बाजूला डोकी, एका बाजूला धडं. समुद्राचा वारा सुटला की प्रिफिक्स उडायचे. 'री' म्हणजे पुन्हा, ती चिठ्ठी एका कुरवानं, किनाऱ्यावरच्या पाखरानं, गिळली. तो पक्षी अजून दर दहा मिनिटांनी आमच्या दारात येतो. नाऊन, व्हर्ब, अ‍ॅडजेक्टिव्ह यांची तिनं मासळीसारखी वर्गवारी केली. नाऊन म्हणजे टोपलीत बसणारं, व्हर्ब म्हणजे अजून उडी मारतंय ते, अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणजे गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचं ते. दोन महिन्यांत तिच्या वहीत बारा कोडी शब्द झाले. कोडी म्हणजे वीस, हिशेब तुम्ही करा.

आणि मग एक दिवस ती आली ती चप्पल न काढताच घरात शिरली.

"आवो, कोरडा पुठ्ठा कोन झटकतं?"

"काय?"

"सांगा ना. कोरडा पुठ्ठा. त्याला पानी न्हाय, काय न्हाय. त्याला झटका कोन देतं?"

झालं होतं असं. सरांची ती हूक मेथड म्हणजे काय, तर पुठ्ठ्याच्या पट्ट्या. एकीवर प्रिफिक्स, एकीवर रूट, दोघींना खाच. खाचेत खाच अडकवायची आणि जोडी फळ्यासमोरच्या दोरीवर टाकायची. आत बसलेल्या बायका सरांचं तोंड बघायच्या, टाय बघायच्या. तुळसाबाईला तिच्या खुर्चीतून सर दिसतच नव्हते. दाराच्या चौकटीत त्यांचे फक्त हात दिसायचे, कोपरापासून खाली. दोन महिने तिनं एल. डी. सरांचे नुसते हात पाहिले.

"डाव्या आंगठ्यानं खालचा जबडा दाबतंय," ती म्हणाली. "मंग मनगट झटकतंय. मंग अडकवतंय. आन् अडकवतंय उलटं. वरचा खाली, खालचा वर. आख्ख्या किनाऱ्यावर असं उलटं अडकवनारं एकच पोर होतं."

माझ्या हातातला दुधीचा घास तसाच राहिला.

"शकूचा लीलाधर," मी म्हणालो.

शकूआय आमच्या गल्लीतली, एक्याऐंशी वर्षांची. बोंबील अडकवण्यात तिच्याएवढा हात कुणाचा नव्हता. तिच्या जोड्या दोरीवर पडायच्या त्याचा आवाज ऐकून लोकांना वाटायचं, पत्त्यांचा डाव चाललाय. तिच्या पोराला मामानं बाराव्या वर्षी शिकायला पुण्याला नेलं. आधी तो सुट्टीत यायचा. मग पत्रं आली. मग दिवाळीला फोन. आता फोनही दिवाळी चुकवतो. शकूआय एका डोळ्यात मोतीबिंदू घेऊन दारात बसते आणि सांगते, "माझा लीला पुन्याला मोठा सायेब हाय. पुनं लांब हाय. पोराला येला वेळ न्हाय."

आणि पोरगा सहा वर्षं, म्हणजे क्लास निघाल्यापासून, शांती नगरात होता. बसनं पाऊण तास.

इथपर्यंत राग तुळसाबाईचा होता, मी फक्त दुधी खात होतो. आता माझाही पेटला. मी उठलो. "थांब, आत्ताच शकूआयला सांगतो."

"बसा खाली!" ती ओरडली. "सांगून काय व्हतंय? सांगितलं तं म्हातारी घरात बसून रडंल आन् गपचूप माफ करल. मना गपचूप काय नको. मना ते सगळ्यांसमोर पायजे."

दरवर्षी एल. डी. सर बिल्डिंगच्या हॉलमध्ये एक कार्यक्रम करतात. विद्यार्थी, त्यांच्या घरचे, नवीन येणारे, सगळे मिळून शंभर-दीडशे माणूस. त्यात सर एका मिनिटात चाळीस जोड्या अडकवून दाखवतात आणि हॉलला आव्हान देतात. आजवर कुणी पंचविसाच्या वर गेलं नव्हतं.

तुळसाबाई शकूआयला म्हणाली, "चल गं, पुठ्ठे अडकवायची शर्यत हाय."

"मासळी न्हाय?"

"पुठ्ठे."

"पुठ्ठे कोन खातं?" म्हातारी म्हणाली, पण नऊवारी बदलून तयार झाली.

रविवार, सकाळचे अकरा. हॉल भरलेला. मागं कापडी फलक, 'पुण्याचे सुप्रसिद्ध'. आमची जागा ठरलेली, दाराशी, चपलांच्या मांडणीजवळ. तीच लाल खुर्ची तिथं आणून ठेवलेली. तुळसाबाई तिच्यावर बसली. मी आणि शकूआय भिंतीला टेकून उभे.

सरांनी चाळीस जोड्या केल्या. टाळ्या पडल्या. टाय सारखा करून ते म्हणाले, "ही माझी स्वतःची पद्धत आहे. अठरा वर्षांच्या संशोधनातून तयार झालेली. आहे कुणी? कमॉन!"

"हाय!" दारातून आवाज गेला.

सगळ्यांनी माना वळवल्या. तुळसाबाई उभी होती, शकूआयच्या दंडाला धरून. "सर, मी न्हाय. माझ्यासंगट ही म्हातारी हाय. तिला एकदा करू द्या."

सरांनी म्हातारीकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहत होतो. त्यांच्या टायची गाठ आपोआप दोन बोटं वर सरकली, मी शपथेवर सांगेन. टकलावर घामाचे थेंब असे उगवले जसे वलांडीखाली पाण्याचे ठिपके पडतात.

"वेळ... वेळ कमी आहे आपल्याकडे," ते म्हणाले.

"सर, एक मिनट की तो बात है!" हिना पुढून ओरडली. तिनं मोबाईलवर घड्याळ लावलंसुद्धा. "दादी, आ जाओ!" हॉलनं टाळ्या धरल्या. सुप्रसिद्ध माणसाला पळायला दार एकच होतं आणि त्या दारात तुळसाबाई उभी होती.

शकूआयला टेबलाशी नेलं. समोर पट्ट्यांचे दोन ढीग. तिला सरांचा चेहरा दिसत नव्हता, तिला तर समोरची भिंतही दिसत नव्हती. तिनं पट्टी बोटांनी चाचपली, खाच शोधली, नाक मुरडलं. "निर्जीव हाय," म्हणाली.

"स्टार्ट!" हिना म्हणाली.

आता पुढचं मिनिट मी जसं पाहिलं तसं सांगतो. शकूआयचे हात दिसेनासे झाले. पट्ट्या ढिगातून उठायच्या आणि दोरीवर पडायच्या, मध्ये काय व्हायचं ते देवाला माहीत. तिच्या हातांच्या वाऱ्यानं वरचा पंखा उलटा फिरायला लागला. आणि प्रत्येक जोडीला तोच झटका, मनगटातून. शेजारी सर. आधी सावकाश करत होते, हात आवरून. पण तो आवाज कानाशी आला, तो पत्त्यांसारखा आवाज, आणि त्यांचे हात त्यांच्या ताब्यात राहिले नाहीत. तेही सुटले. अंगठा, झटका, अडकव. अंगठा, झटका, अडकव. चार हात, एकच ताल. पहिल्या ओळीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "दोनों सेम टू सेम झटकते हैं, देख!"

पन्नासाव्या सेकंदाला शकूआय थांबली. तिनं मान तिरपी केली. तिचा चांगला डोळा शेजारच्या हातांवर गेला, नुसत्या हातांवर, आणि तिचा तळवा उठला. फाट्!

सरांच्या मनगटावर असा बसला की हॉलमधलं तान्हं पोर रडायचं थांबलं.

"उलटा! वाऱ्यानं सुटंल ना रं! किती येळा सांगायचं?"

आणि एल. डी. सर, निळा टाय, अठरा वर्षांचं संशोधन, मान खाली घालून, वर न बघता, बारा वर्षांच्या पोराच्या आवाजात म्हणाले, "चुकलं, आये."

मिनिट संपल्याचं हिनाचं घड्याळ वाजलं. कुणी मोजलं नाही.

म्हातारीनं ते मनगट पकडलं. तिनं ते डोळ्याजवळ नेलं, अंगठा चाचपला, वास घेतला.

"लीला?"

सरांची मान आणखी खाली गेली.

"पुन्याहून कवा आलास?"

एल. डी. सरांनी मोकळ्या हातानं एक प्रिफिक्स उचलला, परत ठेवला, एक रूट उचलला, परत ठेवला.  मागच्या ओळीत आमच्या बाजूची एक बाई शेजारणीला हिंदीत समजावून सांगत होती, ते सगळ्या हॉलला ऐकू आलं. "माँ है उनकी. यहीं भाईंदर में रहती है."

मग तुळसाबाई बोलली. ओरडली नाही. दोन महिने सावलीत वाळवलेला आवाज होता तो.

"सर, माझी खुर्ची."

सर टेबलामागून निघाले. शंभर-दीडशे माणसांमधून चालत दारापर्यंत आले. चपला बाजूला सारल्या, हातानं, एकेक. लाल खुर्ची उचलली. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी अडखळून पडावं, पण नाही पडले. पहिल्या ओळीत, बरोब्बर मध्ये, त्यांनी ती ठेवली. शकूआयला वाटलं आपल्यासाठीच आणली. ती टेकायला वाकली.

"ती माझी हाय," तुळसाबाई म्हणाली. "तुझी त्यो दुसरी आनंल."

आणि सर दुसरी आणायला गेले.

दोघी बसल्यावर तुळसाबाईनं पदर नीट केला आणि फळ्याकडं बोट दाखवलं, अगदी त्यांनी दाखवलं होतं तसं. "आता ते तीन शब्द लिवा. पयल्या दिवसाचे." त्यांनी लिहिले. खडू दोनदा मोडला. "आता त्यांची डोकी तोडा." डस्टर शोधायची त्यांना हिंमत झाली नाही. त्यांनी तळव्यानं तिन्ही डोकी पुसली. फळ्यावर तीन धडं राहिली आणि त्यांचा हात पांढरा झाला.

मी घरी येताना काशीमीऱ्यापर्यंत हसत होतो, आणि काशीमीरा आमच्या वाटेवर नाही.

त्या दुपारी आमच्याकडं बोंबील शिजले. मी अकरा खाल्ले. तुळसाबाईनं डोकी कापली आणि पहिल्यांदाच मांजरीला न देता ताटलीत बाजूला ठेवली. "कामाची असतात," म्हणाली.

शकूआय माफ करेल, असं आम्हाला वाटलं होतं. आमचा अंदाज चुकला. ती रडली नाही, लेकाला घरात घेतलं, चहा दिला आणि शिक्षा सुनावली. "सरळ अडकवता येईपर्यंत दर रविवारी वलांडीवर ये." तेव्हापासून दर रविवारी एल. डी. सर येतात, बाह्या वर करून बसतात आणि अजून उलटंच अडकवतात. चाळीस वर्षांवरची सवय आहे, जाईल कशी? प्रत्येक उलट्या जोडीला मनगटावर एक. तो आवाज वरसाव्याच्या पुलापर्यंत जातो. तिथले ट्रकवाले खाली उतरून टायर तपासतात.

एका रविवारी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. विचारलं, "सर, त्या दिवशीची पिशवी वॉचमनला आवडली का?"

त्यांनी हातातली जोडी सोडवली आणि पुन्हा उलटीच अडकवली. "वॉचमनला दिली नव्हती, काका," म्हणाले.

हे मी तुळसाबाईला सांगितलं. मला वाटलं, आता तरी तिचा राग विरघळेल. तिनं ऐकून घेतलं, टोपली डोक्यावर घेतली आणि क्लासला निघाली. क्लास अजून चालू आहे, तीही जाते, पहिल्या ओळीत मधोमध बसते. चपलांपाशी बसायची ते दोन महिने ती क्लासात जायच्या आधी खालच्या नळावर हात धुवायची, साबण लावून, दोनदा.

आता धूत नाही.